दात निरोगी, हाडात पोकळी

दातांना तार लावण्यापूर्वी ओपीजी काढला जातो, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा मोठा एक्स-रे. त्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या खालच्या दाढांच्या मुळांपाशी गडद सावली दिसली की त्या घरात जी घालमेल सुरू होते, ती मी ओरल सर्जन म्हणून वर्षानुवर्षे जवळून पाहत आलो आहे. मुलाला बहुतेक वेळा काहीच होत नसते. गाल सुजलेला नसतो, दात हलत नसतो, हिरडीतून पू येत नसतो. तरीही रिपोर्टवर ‘सिस्ट’, म्हणजे हाडातली पोकळी, असे लिहून येते आणि आईवडील समोर बसताच विचारतात, “डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?” त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, “मग या दातांचं रूट कॅनल करायचं, की दातच काढून टाकायचे?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर या वयात आणि अशा चित्रात बहुधा दिलासा देणारेच असते. हा लेख मी दुसऱ्या प्रश्नासाठी लिहीत आहे, कारण ज्या दातांचा काडीइतकाही दोष नाही अशा दातांवर या सावलीचे खापर फुटते आणि एकदा दाताची नस काढली की ती परत मिळत नाही.

दंतवैद्याच्या मनात आधी दाताचाच संशय येतो, हे स्वाभाविक आहे. जबड्यातल्या बहुसंख्य सिस्ट दातांशीच जोडलेल्या असतात. किडलेल्या दाताची नस मेली की मुळाच्या टोकाशी दाह सुरू होतो, तिथे दात घडण्याच्या काळापासून झोपून राहिलेल्या पेशी जाग्या होतात आणि त्यांच्या अस्तराची पिशवी तयार होते. हिरडीत अडकून राहिलेल्या अक्कलदाढेच्या डोक्याभोवतीही अशी पिशवी धरते. या पिशव्यांना पेशींचे खरे अस्तर असते, आत द्रव साठत जातो, हाड हळूहळू मागे सरते आणि अस्तरासकट पिशवी काढल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. रोज असेच रुग्ण येत असतील तर मुळाशी काळे दिसले की हात रूट कॅनलच्या साहित्याकडे जाणारच.

मात्र हाडातल्या काही मोजक्या पोकळ्यांचा दातांशी काहीही संबंध नसतो. त्यांना पेशींचे अस्तर नसते. त्या हाडातच निर्माण होतात आणि दात केवळ शेजारी म्हणून तिथे असतात. त्यांतली मला सर्वाधिक जिव्हाळ्याची म्हणजे सिंपल बोन सिस्ट. तिलाच कोणी सॉलिटरी, कोणी ट्रॉमॅटिक, तर कोणी हेमरेजिक बोन सिस्ट म्हणतात. रिपोर्टवर यांपैकी कोणतेही नाव आले तरी आजार एकच समजावा.

हाडातल्या अशा पोकळीचे पहिले वर्णन रुडॉल्फ फिरशो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८७६ मध्ये दंडाच्या हाडाबाबत केले. जबड्यातल्या पोकळीची नोंद व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लुकास आणि ब्लम या दोघांनी अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि जबड्यातल्या सगळ्या सिस्ट दातांपासूनच निर्माण होतात का, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारला. इतक्या वर्षांनंतरही तो प्रश्न प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचा आहे, असे मला मनापासून वाटते. पुढे १९४६ मध्ये रश्टन यांनी निदानाच्या कसोट्या घालून दिल्या. पोकळी एकच असावी, तिला पेशींचे अस्तर नसावे, जंतुसंसर्गाचा पुरावा नसावा, भोवताली पक्क्या हाडाच्या भिंती असाव्यात आणि आत मुख्यतः द्रव असावा. क्वचित एकाहून अधिक पोकळ्या आढळतात आणि कित्येकदा आत द्रवही नसतो, म्हणून या कसोट्या नंतर थोड्या सैल झाल्या, पण त्यांचा गाभा आजही टिकून आहे.

ही पोकळी प्रामुख्याने दहा ते वीस वर्षे या वयात सापडते. वरच्या जबड्यात ती विरळाच. खालच्या जबड्यात उपदाढा आणि दाढांच्या खाली तिचे नेहमीचे ठिकाण. एक्स-रेमध्ये तिची एक लकब डोळ्यांत भरते. ती मुळांच्या खाली गोल होऊन बसत नाही, तर दोन मुळांच्या मधल्या जागेतून वर शिरते, त्यामुळे तिची वरची कड नागमोडी दिसते. दाताच्या सिस्टने मुळे ढकलली जातात किंवा झिजतात, इथे मुळे बहुधा जागच्या जागी असतात. प्रत्येक मुळाभोवती जी बारीक पांढरी रेघ असते ती अनेकदा सावलीतून आरपार जाताना शाबूत दिसते. ही रेघ भिंग घेऊन शोधावी, इतकी ती मोलाची आहे. बरे, दात किडलेला नाही, त्यात जुने सिमेंट नाही, त्याला मार लागून तो काळवंडलेलाही नाही; मग त्याची नस मरायला कारण काय, असा साधा विचार इथे करायला हवा.

आणि विचारावर न थांबता तपासायला हवे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. शेजारचे दात गाजेने कोरडे करायचे, कापसाचा छोटा बोळा चिमट्यात धरून त्यावर थंडाव्याचा फवारा मारायचा, बोळ्यावर पांढरा बर्फ धरला की तो आधी दुसऱ्या बाजूच्या निरोगी दाढेला लावायचा, म्हणजे मुलाला नेमके काय जाणवायला हवे ते कळते. मग सावलीवरच्या एकेका दाताला लावायचा. नस जिवंत असेल तर मूल दोन-तीन सेकंदांत हात वर करते आणि बोळा काढताच कळ थांबते. नस सुजलेली असेल तर कळ रेंगाळते; मेलेली असेल तर काहीच जाणवत नाही. विजेच्या सौम्य झिणझिण्या देणारे यंत्रही असते, पण मुळे अजून पूर्ण तयार न झालेल्या कोवळ्या दातांत ते फसवे उत्तर देऊ शकते, कारण दाताच्या आतले मज्जातंतू पक्के व्हायला वेळ लागतो. म्हणून मुलांच्या बाबतीत माझा भरवसा थंडाव्यावर अधिक आहे.

एवढी तपासणी न करता केलेली रूट कॅनल माझ्याकडे आली की जिवाला लागते. दहावीतल्या एका मुलीच्या खालच्या उजव्या बाजूच्या दोन उपदाढा आणि पहिली दाढ, अशा तिन्ही दातांची कोणीतरी नस काढली होती. सावली काही हटली नाही, म्हणून तिला माझ्याकडे पाठवले. जुना ओपीजी त्यांनी जपून ठेवला होता. तो प्रकाशात धरला तेव्हा तिन्ही दातांच्या मुळांभोवतीची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. कुठेही कीड नव्हती. शेजारच्या दुसऱ्या दाढेचे मूळही सावलीतच होते आणि थंडाव्याला तिने झटकन प्रतिसाद दिला. तिच्या वडिलांनी विचारले, “म्हणजे हे दात चांगले होते का?” मी खरे ते सांगितले. कोणाला दोषी ठरवण्यासाठी हे लिहीत नाही. हा आजार इतका विरळा आहे की सगळे आयुष्य दवाखाना चालवूनही एखाद्याला तो एकदाच भेटेल, आणि नेमक्या त्याच वेळी सवयीला आवर घालणे अवघड असते, याची मला जाणीव आहे. पण नस तपासायला ना महागडे यंत्र लागते ना वेगळी पदवी.

ही पोकळी होते कशाने, याबद्दल एक मत फार जुने आहे. मार लागतो, हाड मोडत नाही पण त्याच्या मगजात रक्तस्राव होतो, तिथली गुठळी नेहमीप्रमाणे हाडात न बदलता विरघळते आणि जागा मोकळी राहते. ‘ट्रॉमॅटिक’ हे नाव त्यातूनच आले. पालकांना हे लगेच पटते, कारण सायकलवरून पडला नाही किंवा चेंडू लागला नाही असे मूल कुठे असते? पण म्हणूनच हा पुरावा लंगडा आहे. कित्येक रुग्णांना मार लागल्याचे अजिबात आठवत नाही, आणि मुलगे अधिक धडपडत असले तरी ही पोकळी मुलींमध्येही सर्रास आढळते. दुसरे मत जोनाथन कोहेन यांचे. लांब हाडांतल्या पोकळ्यांमधला द्रव तपासून १९६० मध्ये त्यांनी मांडले की हाडातून रक्त बाहेर नेणारी वाट अडली की द्रव साठून दाब वाढतो आणि हाड झिजते. माझा कल या दुसऱ्या मताकडे अधिक आहे. पालकांना मी एवढेच सांगतो की तुमच्या हातून काही राहून गेले म्हणून हे झालेले नाही.

निदानाची शेवटची पायरी आणि उपचार हे इथे एकच असतात, आणि ही गोष्ट समजावून सांगायला मला नेहमी अधिक वेळ द्यावा लागतो. आधी जाड सुईने आतले ओढून पाहतो. कधी सिरिंजमध्ये फक्त हवा येते, कधी गवती पिवळ्या रंगाचा किंवा रक्ताची छटा असलेला थोडा द्रव येतो. दाट, पांढरट, पनीरच्या चुऱ्यासारखा मगज आला तर केराटोसिस्ट, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी हट्टी सिस्ट, असण्याचा संभव; मग प्रकरण वेगळे. मग भूल देऊन हिरडी दातांच्या कडेने सोडवून खाली घेतो. उपदाढांच्या खाली हाडातल्या एका छिद्रातून ओठाकडे जाणारी नस बाहेर पडते. तिला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर होतो, म्हणून आधी ती शोधून सांभाळायची. गालाकडच्या हाडात नखाएवढी खिडकी करायची. तिथले हाड कधीकधी अंड्याच्या टरफलाइतके पातळ झालेले असते. आत पाहिले तर पिशवी नाही, मांस नाही, अस्तर नाही. स्वच्छ पांढरी हाडाची भिंत आणि काही वेळा तळाशी जबड्यातली मुख्य नस, आधाराशिवाय आडवी गेलेली. पहिल्यांदा हे पाहणारा शिकाऊ डॉक्टर हमखास विचारतो, “सर, काढायचं काय?”

काढायचे जवळजवळ काहीच नसते. भिंती चमच्यासारख्या क्युरेटने हळुवार खरवडायच्या, म्हणजे ताजे रक्त सुटते. मुळांच्या टोकांपाशी मात्र हात आखडता घ्यायचा, कारण तिथे जोर लावला तर दाताला जाणारी रक्तवाहिनी तुटते आणि इतका वेळ वाचवलेला दात आपल्याच हाताने मरतो. जे काही पातळ पापुद्रे आणि हाडाचे कण मिळतील ते बाटलीत घालून तपासणीला पाठवायचे, कितीही कमी असले तरी. पोकळी रक्ताने भरली की हिरडी जागेवर आणून टाके घालायचे. ती गुठळी आता मजबूत राहते, तिच्यात नव्या वाहिन्या शिरतात, कोवळे हाड धरते आणि बहुतेक मुलांमध्ये सहा महिने ते वर्षभरात एक्स-रेतली सावली भरून येते. कृत्रिम हाडाची पूड भरावी का, असे विचारले जाते. मध्यम आकाराच्या पोकळीत मला ती गरजेची वाटत नाही. रक्त ते काम चोख करते, आणि पूड घातली की पुढच्या एक्स-रेमध्ये खरे हाड किती आणि पूड किती हे कळेनासे होते.

काही पोकळ्या कोणी न उघडताही भरून आल्याच्या नोंदी आहेत. तिशीनंतर हा आजार क्वचितच सापडतो, त्यावरून अनेक पोकळ्या कोणाच्या लक्षात न येताच आपोआप मिटत असाव्यात, असा तर्क जाणकार करतात. म्हणून अगदी लहान, ठरावीक ठेवणीची पोकळी असेल आणि सगळे दात जिवंत असतील तर काही महिने थांबून पुन्हा एक्स-रे काढणे हा चुकीचा सल्ला नव्हे. मी मात्र मोठी पोकळी तशी सोडत नाही. हाड पातळ झाल्यावर खेळताना लागलेल्या किरकोळ माराने जबडा मोडू शकतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. याच वयात, याच ठिकाणी केराटोसिस्ट किंवा एकाच पोकळीचा अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींची गाठ) असू शकतो, आणि दोन्ही पुन्हा पुन्हा उद्भवणारे व हाड खात जाणारे आजार आहेत. एक्स-रे कितीही बोलका असला तरी अंतिम खात्री आत डोकावल्यावरच होते.

मध्यमवयीन स्त्रियांमध्ये हीच पोकळी ऑसियस डिस्प्लेजिया नावाच्या, जबड्याच्या हाडाची घडण बदलणाऱ्या निरुपद्रवी विकारासोबत दिसते. तिथे ती सावकाश भरते आणि पुन्हा होण्याची शक्यताही अधिक असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दातांशी संबंध नसलेला दुसरा प्रकार म्हणजे अन्युरिझमल बोन सिस्ट, रक्ताने भरलेली पोकळी. तिचा स्वभाव सिंपल बोन सिस्टच्या अगदी उलट. ही शांत बसत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाल एका बाजूने फुगतो, दात सरकतात, चावताना जुळणी बिघडते, कधी दुखते. जाफे आणि लिख्टेनस्टाइन यांनी १९४२ मध्ये तिला स्वतंत्र ओळख दिली. जबड्यातले रुग्ण बर्नियर आणि भास्कर यांनी १९५८ मध्ये नोंदवले. शरीरातल्या अशा सगळ्या सिस्टपैकी जबड्यात होणाऱ्या अगदी थोड्या, साधारण शंभरात दोन. वय बहुधा विशीच्या आतबाहेर, ठिकाण खालच्या जबड्याचा मागचा भाग. आत रक्ताने भरलेले कप्पे असतात, पण त्या कप्प्यांना रक्तवाहिनीचे अस्तर नसते. मधल्या पडद्यांत अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी आणि कच्चे हाड आढळते.

पुष्कळ काळ ही केवळ रक्ताभिसरणातल्या बिघाडाने झालेली प्रतिक्रिया समजली जात होती. सतराव्या गुणसूत्रावरच्या यूएसपी६ या जनुकाची जागा बदललेली असते, हे उलगडल्यावर ही समजूत बदलली. आपोआप उद्भवलेल्या बहुतेक सिस्टमध्ये हा बदल सापडतो, म्हणजे ती पेशींची स्वतंत्र, सौम्य वाढ ठरते. दुसऱ्या एखाद्या आजाराच्या पोटात झालेल्या अशाच दिसणाऱ्या पोकळीत तो सापडत नाही. त्यामुळे बायोप्सीत नुसते रक्ताचे कप्पे पाहून थांबता येत नाही, मूळ आजार कोणता याचा शोध घ्यावा लागतो. मोठ्या पेशी दिसल्या की रक्तातले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनही तपासून घ्यावे, कारण पॅराथायरॉइड ग्रंथीच्या बिघाडातही जबड्यात असेच दिसणारे घाव होतात आणि तिथे उपचार ग्रंथीवर करायचा असतो, जबड्यावर नव्हे.

इथेही सुई आधी, चाकू नंतर. सिरिंजमध्ये गडद रक्त सहज आले तर या सिस्टचा विचार करावा. पण लालभडक रक्त दाबाने, ठोक्यागणिक येऊ लागले तर सुई काढून दाबून धरावे आणि रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ होईपर्यंत कशालाही हात लावू नये. जबड्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावरचा हलता दात दवाखान्याच्या खुर्चीवर उपटला गेला तर रक्तस्राव जीवावर बेतू शकतो. सूज असलेल्या जागी दात आपोआप हलायला लागला असेल तर तो काढण्याची घाई करू नका, हे मी पालकांना आणि माझ्या सहकाऱ्यांनाही कळकळीने सांगतो.

अन्युरिझमल बोन सिस्टची शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात, पूर्ण भूल देऊन, रक्ताची सोय हाताशी ठेवूनच करावी. रक्त कारंज्यासारखे उडत नाही, पण सतत झिरपत, भरून येत राहते. सगळा रोगट भाग काढून झाला की ते ओसरते, म्हणून अर्ध्यावर थांबणे हाच धोका. ती पुन्हा होऊ शकते, विशेषतः एखादा कप्पा राहून गेला तर, म्हणून आधीचे सीटी स्कॅन बारकाईने वाचून कप्प्यांचा नकाशा मनात पक्का करावा लागतो. डेनोसुमॅब हे हाडाची झीज रोखणारे औषध काही अवघड रुग्णांत वापरले गेले आहे, परंतु मुलांमध्ये ते बंद केल्यावर रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढल्याच्या नोंदी आहेत. मी तरी ते पहिला पर्याय म्हणून सुचवणार नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण त्यात करायचे काहीच नसते. मेयो क्लिनिकमधले एडवर्ड स्टॅफने यांनी १९४२ मध्ये जबड्याच्या कोनाजवळच्या अशा ३५ खळग्यांचे वर्णन केले. हा खळगा जबड्यातल्या नसेच्या खाली, खालच्या कडेजवळ असतो, बहुधा चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांत दिसतो आणि तो हाडाच्या आत नसून जिभेकडच्या बाजूने पडलेला खोलगट भाग असतो. त्यात बहुधा लाळग्रंथीचा थोडा भाग बसलेला असतो. सावली नसेच्या वर आहे की खाली, एवढे पाहिले तरी अर्धे काम होते. दातांमुळे होणारे आजार नसेच्या वर सुरू होतात. शंका राहिलीच तर एक सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, पुरे. या खळग्यासाठी कोणाचा जबडा उघडला जाऊ नये.

पालकांनी काय करावे, तर घाबरून दुसऱ्या दिवशीची रूट कॅनलची वेळ ठरवू नये. डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे, “या दातांची नस जिवंत आहे का, ते तपासलंत का?” कोणताही चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावला जात नाही. उत्तर ‘जिवंत आहे’ असे आले तर त्या दातांना हात न लावता ओरल सर्जनकडे जावे. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत एक्स-रे, शस्त्रक्रिया आणि बायोप्सी या तिन्हींचे विभाग एकाच आवारात आहेत. तारा लावायच्या असतील तर त्या पोकळी भरल्याचे दिसेपर्यंत थांबवाव्यात, कारण हाड नसलेल्या जागेत दात सरकवणे योग्य नाही.

शस्त्रक्रियेनंतर साधारण दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढावा आणि सावली पूर्ण भरल्यावरही निदान दोन वर्षे दाखवत राहावे. त्या प्रत्येक भेटीत थंडाव्याची तपासणी पुन्हा करून घ्यावी. एक्स-रेच्या फिल्म किंवा सीडी आणि बायोप्सीचा कागद एकाच फाइलमध्ये तारखेनुसार ठेवावेत. नुसती मोबाइलमधली छायाचित्रे चालत नाहीत, कारण त्यांत मुळाभोवतीची ती पांढरी रेघ पुसट होऊन जाते.